यकृतातील पाण्याची गाठ : कोणती सोडावी, कोणती धरावी?

पोटाची सोनोग्राफी ही आता आपल्या भागात नित्याची तपासणी झाली आहे. पित्ताशयात खडा आहे का, मूत्रपिंडाला सूज आहे का, गर्भाशय ठीक आहे का, अशा कोणत्या तरी कारणाने ती केली जाते आणि अहवालाच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत एक अनपेक्षित शब्द भेटतो : यकृतात 'सिस्ट'. ज्या कारणासाठी तपासणी केली ते बाजूला राहते आणि घरभर या एका शब्दाची चर्चा सुरू होते. मोरजी, मांद्रे, आगरवाडा, चोपडे या गावांतून असा कागद घेऊन आलेले रुग्ण मी अनेकदा पाहिले आहेत. "दोतोर, ही गाठ काडूक जाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "कॅन्सर तर नाही ना?" हा दुसरा, पण तो बहुधा सोबत आलेला नातेवाईक, रुग्णाला बाहेर बसवून, हळू आवाजात विचारतो.

या स्मरणिकेच्या वाचकांत डॉक्टर आहेत, तसेच समाजातील इतर बंधू-भगिनीही आहेत. प्रस्तुत लेखातील काही भाग डॉक्टर मित्रांना परिचित वाटेल, काही भाग इतरांना थोडा जड वाटेल. दोघांनीही एकमेकांसाठी थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे. सांगायचे आहे ते फार नाही. यकृतातील बहुसंख्य सिस्टना कोणताही उपचार लागत नाही. थोड्या सिस्ट मात्र अशा आहेत की त्यांना वेळेवर ओळखले नाही, किंवा ओळखण्यापूर्वीच त्यांत सुई घातली, तर रुग्णाच्या जिवाशी गाठ पडते. या दोन गटांची निवड करणे हीच या विषयातील खरी वैद्यकी आहे.

सिस्ट म्हणजे काय?

द्रवाने भरलेली आणि स्वतःचे अस्तर असलेली पिशवी म्हणजे सिस्ट. बोलीत आपण तिला पाण्याची गाठ म्हणतो आणि ते नाव चुकीचे नाही. गळू वेगळे, त्यात पू असतो आणि ते जंतुसंसर्गाने होते. घन गाठ वेगळी. ती पेशींच्या वाढीने बनते. सोनोग्राफीत द्रव काळा दिसतो, म्हणून सिस्ट ही काळ्या गोल ठिपक्यासारखी उठून दिसते आणि अगदी एक सेंटिमीटरची असली तरी नजरेतून सुटत नाही. पूर्वी ती पोटात असूनही कोणाला कळत नसे. आज ती कळते, एवढाच पुष्कळ वेळा फरक असतो.

यकृतात अशी पिशवी निर्माण होण्याची कारणे अनेक आहेत. गर्भावस्थेत पित्तनलिकांची जडणघडण होत असताना काही सूक्ष्म नलिका मुख्य जाळ्यापासून तुटून राहतात आणि पुढे त्यांत पाणी साचते. काही सिस्ट आनुवंशिक दोषाने होतात. काही परोपजीवी कृमींमुळे, काही नववाढीमुळे आणि काही मार लागल्यामुळे होतात. पडद्यावर या सर्वांची चित्रे सारखी वाटली, तरी त्यांचे स्वभाव पूर्णपणे भिन्न आहेत.

साधी सिस्ट : सोडून द्यावी अशी

सर्वांत अधिक आढळते ती साधी सिस्ट. वाढत्या वयाबरोबर तिचे प्रमाण वाढते आणि स्त्रियांत ती अधिक दिसते. तिची लक्षणे सोनोग्राफीत ठरलेली आहेत : भिंत जवळजवळ न दिसण्याइतकी पातळ, आतले पाणी स्वच्छ काळे, आत पडदा नाही, गाळ नाही, गाठीच्या मागील भाग उजळ दिसतो. एवढ्या गोष्टी जुळल्या तर निदान पूर्ण झाले. त्यासाठी सीटी स्कॅन नको, रक्ताच्या तपासण्यांची माळ नको, सुई तर नकोच नको.

युरोपातील यकृत-अभ्यासकांच्या संघटनेने २०२२ साली यकृतातील सिस्टविषयी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, त्रास न देणाऱ्या साध्या सिस्टवर पुनःपुन्हा सोनोग्राफी करून पाळत ठेवण्याची गरज नाही. आपल्याकडे मात्र "दर सहा महिन्यांनी बघूया" असे सांगण्याचा प्रघात आहे. त्यात पैसा जातो तो जातोच. शिवाय एका निरोगी माणसाला आपण कायमचा रुग्ण करून ठेवतो.

याची किंमत कधी कधी नोकरीत मोजावी लागते. आपल्या भागातील तारवटी मुलांना बोटीवर रुजू होण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. अशाच एका तरुणाच्या अहवालात तीन सेंटिमीटरची साधी सिस्ट निघाली आणि तंदुरुस्तीचा दाखला अडला. घरच्यांनी शस्त्रक्रियेसाठी पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती. त्याची सोनोग्राफी नीट पुन्हा करून, "ही जन्मजात स्वरूपाची निरुपद्रवी सिस्ट असून तिला उपचाराची अथवा देखरेखीची आवश्यकता नाही", असे स्पष्ट शब्दांत लिहून दिल्यावर दाखला मिळाला. डॉक्टर मित्रांना माझे सांगणे असे की, 'सिस्ट' एवढाच शब्द लिहून थांबू नये. ती कोणती आणि तिचे काय करायचे, हेही लिहावे. त्या एका ओळीवर कोणाचे तरी घर चालते.

साधी सिस्ट कधीच त्रास देत नाही, असे मात्र नाही. ती दहा-पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढली तर पोट जड वाटते, थोडे जेवताच पोट भरते, उजव्या बाजूला दुखते. क्वचित तिच्यात रक्तस्राव होतो आणि अचानक तीव्र कळ येते. उपचाराचा निर्णय आकार बघून घ्यायचा नसून त्रास बघून घ्यायचा असतो. नुसते पाणी काढले तर ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा भरते, कारण पाणी स्रवणारे अस्तर जागच्या जागीच असते. म्हणून पाणी काढून आत अस्तर निकामी करणारे औषध सोडतात, किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने सिस्टचे छत कापून ती पोटाच्या पोकळीत मोकळी करतात. दोन्ही उपायांचे परिणाम चांगले आहेत.

अहवाल हाती आल्यावर विचारायचे प्रश्न

मी स्वतः प्रत्येक अहवालाला पाच प्रश्न विचारतो. भिंत जाड आहे का? आत पडदे किंवा लहान लहान गोळे आहेत का? सिस्ट एक आहे की अनेक? पित्तनलिका रुंदावलेल्या आहेत का? आणि रुग्णाला ताप, कावीळ किंवा वजन घटणे यांपैकी काही आहे का? पाचही उत्तरे निर्दोष असतील तर रुग्णाला घरी पाठवावे. एक जरी उत्तर संशयास्पद असेल तर थांबून पुढचा विचार करावा. अशा वेळी एमआरआय ही तपासणी सीटीपेक्षा अधिक उपयोगी पडते. आतला पडदा खरा आहे की रक्ताची गुठळी आहे, आणि सिस्टचा पित्तनलिकेशी संबंध आहे का, हे तीतून चांगले कळते.

येथे एक सावधगिरी. सिस्ट दिसली की रक्तातील कर्करोगसूचक द्रव्ये, विशेषतः सीए १९-९, तपासण्याची घाई केली जाते. हे द्रव्य साध्या सिस्टमध्येही वाढलेले आढळते. त्यामुळे वाढलेल्या आकड्याने कर्करोग सिद्ध होत नाही आणि न वाढलेल्या आकड्याने तो नाकारता येत नाही. ज्या तपासणीच्या उत्तराने निर्णय बदलणार नाही ती करून घरच्यांची झोप उडवू नये.

प्रश्नांच्या जोडीला रुग्णाची हकिकतही हवी. माणूस मूळचा कोठला, लहानपण कोठे गेले, घरात शेळ्या-मेंढ्या आणि कुत्री होती का, हे विचारायला दोन मिनिटे लागतात. पुढील प्रकारात निदानाची किल्ली बहुधा त्या दोन मिनिटांतच असते.

हायडॅटिड : कुत्र्याच्या कृमीची गाठ

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाचा एक फीतकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची लांबी काही मिलिमीटर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढीही जेमतेम. कुत्र्याला त्याचा काही त्रास होत नाही. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, मातीत, पाण्यात पडतात. शेळी, मेंढी किंवा गाय ते गवत खाते आणि तिच्या यकृतात किंवा फुप्फुसात या अंड्यांपासून सिस्ट तयार होतात. जनावर कापल्यावर ते खराब यकृत कुत्र्यापुढे टाकले जाते, कुत्रा ते खातो आणि चक्र पूर्ण होते. माणूस या चक्रात चुकून सापडतो. कुत्र्याच्या केसांना लागलेली अंडी हाताला लागतात, हात न धुता घास तोंडात जातो, किंवा मातीने माखलेली भाजी तशीच खाल्ली जाते.

एक गैरसमज येथे दूर करायला हवा. मटण खाल्ल्याने माणसाला हा आजार होत नाही. जनावराच्या यकृतातील सिस्ट कुत्र्याला बाधते, माणसाला नाही. माणसाला बाधतात ती कुत्र्याच्या पोटातून आलेली अंडी. त्याचप्रमाणे एका रुग्णापासून दुसऱ्याला हा आजार लागत नाही, म्हणून रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवण्याचे कारण नाही.

माणसात सुमारे सत्तर टक्के सिस्ट यकृतात, त्यातही उजव्या भागात, आणि सुमारे वीस टक्के फुप्फुसात होतात. वाढ संथ असते. वर्षाला एखाद-दोन सेंटिमीटर, कधी त्याहून थोडी अधिक. त्यामुळे लहानपणी शिरलेली अंडी तिशी-चाळिशीत गाठ म्हणून प्रकट होतात. भारतात काश्मीर, आंध्र प्रदेश, तमिळनाडू या भागांतून या आजाराची नोंद अधिक झालेली आहे. महाराष्ट्रातूनही रुग्ण नोंदले गेले आहेत. आपल्या किनाऱ्यावर आज देशाच्या सर्व भागांतील माणसे राहतात. बांधकामावर, हॉटेलांत, शॅकवर काम करणारा माणूस कोणत्या मेंढपाळ गावातून आला, हे त्याच्या आजच्या पत्त्यावरून कळत नाही. मोरजीत बसलेल्या डॉक्टरलाही म्हणून हा आजार ठाऊक असणे भाग आहे.

सोनोग्राफीत या सिस्टची रूपे बदलत जातात. १९८१ साली ट्युनिशियातील घार्बी यांनी त्यांचे पहिले वर्गीकरण केले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००३ साली प्रमाणित वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि आजचे उपचार त्याच पायावर उभे आहेत. पहिल्या अवस्थेत एकच स्वच्छ पिशवी असते, फक्त तिची भिंत दुहेरी रेषेसारखी दिसते. दुसऱ्या अवस्थेत आत अनेक पिल्ले-सिस्ट भरतात आणि मधाच्या पोळ्यासारखे चित्र दिसते. तिसऱ्या अवस्थेत आतला पापुद्रा सुटून पाण्यात तरंगतो; पाठ्यपुस्तकांत याला कमळपत्राची उपमा दिली आहे. त्याच अवस्थेच्या दुसऱ्या रूपात घट्ट गरात पिल्ले-सिस्ट रुतलेल्या असतात. चौथ्या आणि पाचव्या अवस्थेत पाणी आटते, गर घट्ट होतो, भिंतीत चुना साठतो आणि कृमी मृतवत होतो.

रक्तातील प्रतिपिंडांची एलायझा तपासणी यकृताच्या सिस्टमध्ये बहुतेकांत होकारार्थी येते. पण ती नकारार्थी आली म्हणून हायडॅटिड नाही, असे म्हणता येत नाही. सिस्टची भिंत शाबूत असेल तर आतला पदार्थ रक्तात मिसळतच नाही. चित्र आणि रक्त यांत विसंगती असेल तर चित्रावर अधिक विश्वास ठेवावा. आमच्या पिढीने शिकलेली कॅसोनीची त्वचा-चाचणी आता इतिहासजमा झाली आहे.

सुईचा प्रश्न

हायडॅटिडच्या पाण्यात असंख्य सूक्ष्म कृमिबीजे असतात आणि ते पाणी शरीराला परके असते. सिस्ट पोटात फुटली किंवा विचार न करता टोचली, तर दोन संकटे येतात. पहिले तात्काळ : तीव्र अॅलर्जीने रक्तदाब कोसळतो आणि मृत्यूही ओढवू शकतो. दुसरे सावकाश : सांडलेल्या प्रत्येक बीजापासून पोटभर नव्या सिस्ट तयार होतात आणि एका गाठीच्या जागी पन्नास होतात. म्हणूनच वर म्हटले की निदानाआधी सुई नको.

पस्तिशीतला एक बांधकाम-मजूर माझ्याकडे आला होता. ताप, उजव्या बाजूला दुखणे आणि डोळे पिवळे. हातातल्या कागदावर "यकृतातील गळू, सुईने निचरा करावा" असे लिहिलेले. आपल्या भागात अमीबाचे गळू परिचित आहे, विशेषतः दारू पिणाऱ्या पुरुषांत, त्यामुळे तो अंदाज अगदीच निराधार नव्हता. परंतु चित्रात पडदे होते आणि पित्तनलिका रुंद झाली होती. गावाची चौकशी करता कळले की घरचा धंदा मेंढपाळीचा. लहानपणी मेंढ्यांच्या कळपात आणि कुत्र्यांसोबतच झोपणे-उठणे. एलायझा होकारार्थी आली. सिस्ट पित्तनलिकेत फुटली होती आणि तिचे पापुद्रे नलिकेत अडकून कावीळ झाली होती. दुर्बिणीने आधी नलिका साफ करून आणि औषध सुरू करून मग त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांनी तो पुन्हा कामावर गेला. त्या दिवशी गळू समजून सुई घातली गेली असती तर पुढचे सांगता येत नाही.

याचा अर्थ सुई सर्वस्वी वर्ज्य आहे, असाही नाही. ओळखून, तयारीने आणि योग्य अवस्थेत वापरलेली सुई हा आज या आजारावरील प्रस्थापित उपचार आहे. टोचणे, पाणी काढणे, कृमिनाशक द्रव सोडणे आणि तो पुन्हा काढणे, अशा चार पायऱ्यांच्या या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पेअर' म्हणतात. तिच्या प्रतिष्ठेत एका भारतीय अभ्यासाचा मोठा वाटा आहे. श्रीनगरचे डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास रुग्णांत सुईचा उपचार आणि शस्त्रक्रिया यांची तुलना केली आणि ती १९९७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाली. सुईने उपचार झालेल्यांचा इस्पितळातील मुक्काम सरासरी ४.२ दिवस होता, शस्त्रक्रिया झालेल्यांचा १२.७ दिवस, आणि गुणात सुई कमी पडली नाही.

अवस्थेनुसार उपचार

पहिल्या अवस्थेतील आणि पापुद्रा सुटलेल्या तिसऱ्या अवस्थेतील सिस्ट पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर केवळ अल्बेंडाझोलने काम भागू शकते. त्याहून मोठी असेल तर औषधाच्या छत्राखाली 'पेअर' करावी. पिल्ले-सिस्टनी भरलेल्या, पित्तनलिकेत फुटलेल्या किंवा पृष्ठभागालगत फुटण्याच्या बेतात असलेल्या सिस्टना शस्त्रक्रिया लागते. कोइमतूरचे डॉ. पलनीवेलू यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पाणी सांडू नये म्हणून खास नळीची योजना केली. तिचाही या संदर्भात उल्लेख करायला हवा. चौथ्या आणि पाचव्या अवस्थेतील सिस्ट त्रास देत नसेल तर तिला काही करू नये. मात्र साध्या सिस्टप्रमाणे तिला विसरूनही चालत नाही. काही वर्षे सोनोग्राफी करीत राहावी.

अल्बेंडाझोलची मात्रा दिवसाला किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन भागांत विभागून, आणि तीन ते सहा महिने अखंड. हे औषध तेल-तूप असलेल्या जेवणासोबत घ्यावे. उपाशीपोटी ते फार थोडे शोषले जाते. एरवी पथ्य म्हणून तूप बंद करणारे आपले रुग्ण येथे चकित होतात, म्हणून हे समजावून सांगावे लागते. उपचाराच्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी आणि यकृताची कार्यचाचणी वरचेवर पाहावी. गर्भवतीला हे औषध टाळावे. मुलांना जंतांसाठी देतो तीच ही गोळी असल्यामुळे तिच्याकडे हलके औषध म्हणून पाहण्याची सवय आहे. महिनोन्महिने देताना ती सवय सोडावी लागते.

'पेअर' करताना किंवा शस्त्रक्रियेत काढलेले पहिले पाणी पिवळे-हिरवे निघाले तर सिस्ट पित्तनलिकेशी जोडलेली आहे असे समजावे आणि कृमिनाशक द्रव आत सोडू नये. तो नलिकांत जाऊन त्यांना कायमची इजा करतो. भूलतज्ज्ञ आणि अॅड्रिनॅलिन हाताशी असल्याखेरीज ही सुई उचलू नये, हे वेगळे सांगायला नको.

आणखी काही विरळ गाठी

श्लेष्मल सिस्टिक नववाढ ही जवळजवळ केवळ स्त्रियांत, बहुधा मध्यम वयात आणि अधिक करून यकृताच्या डाव्या भागात आढळते. आत पडदे असतात, कधी पडद्यावर गोळे असतात. तिच्यात पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो, म्हणून ती संपूर्ण काढावी लागते. अर्धवट काढली की पुन्हा येते. पंचेचाळिशीच्या एका बाईंच्या सिस्टमधून दोन वेळा पाणी काढले होते आणि दोन्ही वेळा ते पुन्हा भरले होते. तिसऱ्या वेळी एमआरआय करता डाव्या भागात पडदे स्पष्ट दिसले. गाठ संपूर्ण काढल्यावर सूक्ष्मदर्शक तपासणीने निदान पक्के झाले आणि कर्करोग नसल्याचेही कळले. पाणी काढूनही पुन्हा भरणाऱ्या, पडदे असलेल्या सिस्टबद्दल म्हणूनच वेळीच संशय घ्यावा.

लोमयुक्त अग्रांत्र-सिस्ट ही त्याहूनही विरळ. तिचे पहिले वर्णन १८५७ सालचे असले तरी आजचे नाव तिला १९८४ साली मिळाले. यकृताच्या चौथ्या खंडात, पृष्ठभागाखाली, दोन-तीन सेंटिमीटरची ही गाठ असते. थोड्या रुग्णांत तिचे कर्करोगात रूपांतर झाल्याचे नोंदले गेल्याने ती काढण्याचा सल्ला देतात.

कॅरोलीचा आजार हा यकृतातील पित्तनलिकांचा जन्मजात फुगीरपणा. फ्रेंच वैद्य झाक कॅरोली यांनी १९५८ साली त्याचे वर्णन केले. येथे सिस्ट वाटणाऱ्या पिशव्या पित्तनलिकांशी जोडलेल्या असतात. पित्त तुंबते, खडे होतात आणि थंडी वाजून वारंवार ताप येतो. असा ताप मलेरियाच्या नावाखाली खपून जाऊ शकतो.

बहुसिस्टिक यकृत या आनुवंशिक विकारात यकृत द्राक्षांच्या घडासारखे सिस्टनी भरते. बहुधा त्याच्या जोडीला मूत्रपिंडातही सिस्ट असतात. अशा रुग्णाचा रक्तदाब आणि क्रिएटिनिन पाहावे, भावंडांची आणि मुलांची चौकशी करावी. इस्ट्रोजेन या संप्रेरकाने या सिस्ट वाढतात. तेव्हा अशा स्त्रियांना ते असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा रजोनिवृत्तीनंतरचे संप्रेरक-उपचार देऊ नयेत. यकृत मोठे असूनही त्याचे कार्य बहुधा उत्तम राहते, हे रुग्णाला आवर्जून सांगावे.

कुत्री, कसाईखाना आणि आपण

या सर्व गाठींत टाळता येण्याजोगी एकच, ती हायडॅटिड. एकोणिसाव्या शतकात आइसलँड या देशात हा आजार घरोघरी होता. डेन्मार्कचे संशोधक हाराल्ड क्राबे १८६३ साली तेथे गेले. त्यांनी तपासलेल्या कुत्र्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक कुत्र्यांत हा कृमी सापडला. १८६४ साली त्यांची सोप्या भाषेतील एक लहान पुस्तिका घरोघरी फुकट वाटण्यात आली. जनावराचे सिस्ट असलेले अवयव कुत्र्यांना घालू नका, ते पुरा किंवा जाळा. कुत्र्यांना जंतांचे औषध द्या. पुढे त्यासाठी कायदेही झाले. काही दशकांत नव्या पिढीतून हा आजार नाहीसा झाला. त्या वेळी त्यावर ना गोळी होती, ना सोनोग्राफी. होते ते लोकांना कळेल अशा भाषेत दिलेले ज्ञान.

गोव्यात कुत्र्यांच्या बाबतीत मोठे काम झाले आहे. मिशन रेबीजच्या मोहिमेतून गावोगावच्या कुत्र्यांना लस टोचली गेली आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. पण रेबीजच्या लसीने आतड्यातील कृमी मरत नाही. त्यासाठी प्राझिक्वांटेलची गोळी लागते आणि जेथे धोका आहे तेथे ती वर्षातून किमान चार वेळा द्यावी लागते. आपल्या घरच्या कुत्र्याला लस टोचली म्हणून निश्चिंत असलेल्यांनी पशुवैद्यांना या गोळीबद्दलही विचारावे. मटणाच्या दुकानामागे किंवा घरी बकरे कापल्यावर टाकाऊ यकृत-फुप्फुसे कुत्र्यांपुढे फेकू नयेत; खोल खड्ड्यात पुरावीत. मुलांनी कुत्र्याशी खेळून आल्यावर साबणाने हात धुवावेत आणि कच्ची भाजी वाहत्या पाण्यात स्वच्छ धुऊन घ्यावी. कुत्र्याला घराबाहेर काढा, असे मी कोणालाही सांगणार नाही. आपल्या वाड्यांची राखण तीच करतात.

समारोप

ज्यांच्या अहवालात 'साधी सिस्ट' असे लिहिले आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे आणि मग तो कागद फाइलमध्ये ठेवून आपल्या कामाला लागावे. ज्यांना ताप, कावीळ, वाढते दुखणे किंवा घटते वजन आहे, किंवा ज्यांच्या अहवालात पडदे, जाड भिंत, अनेक सिस्ट असे शब्द आहेत, त्यांनी वेळ न दवडता म्हापशाचे जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचे गोमेकॉ गाठावे आणि जाताना जुने सर्व अहवाल, मूळ चित्रांसह, सोबत न्यावेत. गाठ किती वर्षे आहे आणि कशी वाढली, हे त्या जुन्या चित्रांतूनच कळते.

डॉक्टर मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की, पडद्यावर काळा ठिपका दिसला की हात सुईकडे जाण्यापूर्वी रुग्णाचे गाव विचारावे.